लिमच्या घरचं कार्य

लिफ्ट अकराव्या मजल्यावरून निघाली आणि जगदीशराव मनातल्या मनात खुणांची उजळणी करू लागले. आधी स्वतःकडे बोट, मग जमिनीकडे, मग दोन्ही हात पसरून मान डोलवायची. मी, इथे, कायमचा. लिमला एवढं नक्की कळेल. न कळायला काय झालं, दीड महिना दोघांचं सगळं खुणांवरच तर चाललं होतं.

जगदीशराव नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. मुलाकडे, सुगतकडे, परदेशी बिशानला यायला निघाले तेव्हा मित्रांनी बजावलं होतं, बघशील ते लिहून आण. पहिल्याच आठवड्यात वही निम्मी भरली. अकराव्या मजल्यावरही नळाला तळमजल्याइतकाच जोर. पाणी न उकळता पितात. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, मिनिटाला धरून येते. चाळीस वर्षांपूर्वी इथे डुकरं पाळायचे म्हणे, आता काचेचे इमले. नंतर मात्र वही अडली. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे आकड्यांकडे बघतात. समोरच्या दाराआड कोण राहतं हे सुगतलाही ठाऊक नव्हतं. तो आणि सून प्रियदर्शिनी दिवसभर ऑफिसात, नात राणी शाळेत. एका पानावर त्यांनी एवढंच लिहिलं: 'शहर बघून झालं. माणूस दिसला नाही.'

मग लिम भेटला. ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, दगडी टेबलाशी, चिनी बुद्धिबळ मांडून बसलेला. त्याला मराठी येत नव्हतं, यांना चिनी. इंग्रजीच्या नावाने दोघांचाही आनंद. तरी लिमने एकेक सोंगटी हलवून सगळा खेळ शिकवला. जगदीशराव रोज हरायचे आणि खुशीत वर यायचे. एकदा लिमने पाकिटातून नातीचा फोटो काढला, बोटात अंगठी घालायची खूण केली आणि असा लाजला की जणू त्याचंच लग्न ठरलंय.

बायको, सरिता, गेल्यापासून सुगत मागे लागला होता. घर विका, बाबा, इथेच या. तीन वर्षं जगदीशराव नाही म्हणत होते. ते घर दोघा नवराबायकोंनी एकेक खोली करत बांधलेलं, गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्यांना ओळखायचं. पण म्हातारपणी बसायला एक माणूस लागतो, आणि तो इथे सापडला होता. खरं कारण हेच, सुगतला मात्र ते त्यांनी सांगितलं नाही. काल दिवसभर भारताच्या हाय कमिशनमध्ये बसून घर विकण्यासाठी भावाच्या नावाचं मुखत्यारपत्र साक्षांकित केलं. आज सकाळी ते कुरियरच्या माणसाच्या हातात दिलं. घेणाऱ्याला फोनवर शब्दही दिला, आणि दिलेला शब्द त्यांनी उभ्या जन्मात फिरवला नव्हता.

लिफ्टचं दार उघडलं आणि ते थबकले. खाली मांडव घातला होता. गोल टेबलं, लाल खुर्च्या, मांडवाच्या तोंडाशी तिकाटण्यांवर मोठमोठी फुलं. लोक पत्ते खेळत होते, शेंगदाणे सोलत होते. गेल्या महिन्यात याच जागी एका मलय कुटुंबाचं लग्न झालं होतं, तेव्हा यांना बोलावून जेवू घातलं होतं. पलीकडे गर्दीच्या मागे भिक्खूंचं पठण चालू होतं. घरची माणसं पांढऱ्या कपड्यांत. जगदीशरावांना भरून आलं. अरे, हे तर आपल्या बौद्ध लग्नांसारखंच! सुगतच्या लग्नात नवरानवरी असेच पांढऱ्यात होते, असंच पठण चाललं होतं.

एवढ्यात फोटोतली मुलगी समोर आली. पांढरा सदरा, रडून सुजलेले डोळे. सासरी निघालेल्या मुलीचे डोळे असेच असायचे. तिने वाकून त्यांच्या हातात एक लाल दोरा ठेवला. आपल्याकडे भिक्खू मनगटाला बांधतात तो परित्राणाचा दोरा पांढरा, यांचा लाल, एवढाच काय तो फरक. जगदीशरावांनी तो तिथल्या तिथे मनगटाला बांधला, तीन गाठी मारल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा, बेटा. भवतु सब्ब मंगलम्."

पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लिम कुठे दिसेना. नवरीचा आजोबा, त्याला आज कुठली फुरसत. आपली बातमी उद्या सांगू, असं म्हणून ते वर आले आणि वही काढून बसले. 'आज लिमच्या घरच्या लग्नाला' एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात राणी शाळेतून आली. दप्तर ठेवता ठेवता तिचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. इथल्या मुलांसारखं वाक्यामागे 'लाह' लावायची तिला सवय होती.

"आजोबा, हा दोरा घरात का आणला? बाहेर टाकून यायचा असतो, लाह."

"अगं, लग्नाचा आहे तो."

"नो लाह, आजोबा. फ्युनरल आहे. आत, भिक्खूंच्या पुढे, मोठा फोटो लावलाय ना, तुमच्या त्या चेस अंकलचा. तुम्ही बघितला नाही?"

जगदीशरावांच्या हातातून पेन सुटलं. त्या मुलीचं डोकं अजून तळव्याला जाणवत होतं. तिच्या आजोबाच्या शवाशेजारी उभं राहून आपण तिला सुखी राहा म्हटलं. लाजेने आणि दुःखाने त्यांचा जीव गोळा झाला. ते मनगटाची गाठ सोडायला लागले. तीन गाठी, एकही सुटेना. राणी कात्री आणायला आत गेली.

फोन वाजला. पाया लेबारच्या ऑफिसातून सुगत बोलत होता, आवाजात आनंद मावत नव्हता.

"बाबा, कुरियर विमानात चढलं. काकांशी बोललो, सोमवारी रजिस्ट्री. आता तुम्ही इथलेच."