गुणी पोर

चोपन्न साली श्रीवर्धनची मुनिरा सहा वर्षांच्या नजूला घेऊन मोंबासाला निघाली. नवरा तिथे नोकरीला होता. मुलाचा चेहरा त्याने अजून पाहिलाही नव्हता.

नजू बोलायचा नाही, कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. घरच्या झोपाळ्यावर बसवला की तेवढा गप्प. झोपाळा थांबला की किंचाळत भिंतीवर डोकं आपटायचा. निघताना सासूने बजावलं होतं, "पोराला हितंच ठेव. आगबोटीवरची मानसं तुला त्याच्यासकट दर्यात लोटतील."

पण बोटीने मुंबई सोडली आणि नजू शांत झाला. आजूबाजूची माणसं ओकून ओकून आडवी झाली होती. हा मात्र आईच्या मांडीवर डोकं ठेवून स्वतःशीच हसायचा. इतक्या दिवसांत एक किंकाळी नाही, कपाळावर नवं टेंगूळ नाही. शेजारच्या म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती गुणी पोर गो तुझं!" असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मुनिरा तोंडाला पदर लावून रडली.

बाराव्या दिवशी धक्क्यावर नवरा दिसला. तिने नजूला नवा सदरा घातला, केस विंचरले आणि त्याला कठड्याशी उचलून धरत ओरडली, "बघा तुमचा पोरगा! अल्लाने बरा केला त्याला!"



बोट धक्क्याला बांधली गेली, आणि डोलायची थांबली.