कुणीही न्यावं

"लायसन्सच लिहिलेलं नाहीस तू," गिरीश म्हणाला. "मग मी तुझा प्रोग्राम घेऊ कसा?"

मिसरोदच्या फ्लॅटमध्ये चिन्मय लॅपटॉपसमोर मान खाली घालून बसला होता. मराठी धडे मोठ्याने वाचून दाखवणारा त्याचा प्रोग्राम नेटवर उघडा पडला होता. दुसरा कुणी असता तर न विचारता उचलून मोकळा झाला असता. गिरीश पडला सरळमार्गी. त्याच्या वर्गातल्या अंध मुलांची परीक्षा तोंडावर आली होती, तरी तो बिट्टन मार्केटहून स्कूटर दामटत आधी परवानगी मागायला आला.

"चहा घेणार ना रे?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हो काकू!"

चिन्मयने चमकून मागे पाहिलं.

"मुद्दामच नाही लिहिलं, यार," तो हळूच म्हणाला. "न लिहिलं की हक्क माझ्याकडेच राहतात. कुणाला नेता येत नाही."

"मग टाकलंस कशाला?"

"कुठेतरी राहावा म्हणून. आवाज आईचा आहे, शेवटी दवाखान्यात रेकॉर्ड केलेला."

"एवढंच ना?" गिरीशने तिथूनच हाक मारली. "काकू, तुमचा आवाज मुलांना दिला तर चालेल?"

"चालेल की! विद्या दिल्याने वाढते. लिही रे चिन्मय, कुणीही न्यावं म्हणून."

चिन्मयचा चेहरा पांढराफटक पडला. "गिरीश, एकदा दिलं की परत घेता येत नाही."

"आईपुढे कसला हट्ट करतोस?"

चिन्मयने नेहमीचं मोकळं लायसन्स जोडलं. कुणीही न्यावं, बदलावं, वाटावं; फक्त मूळ नाव ठेवावं.

चहा काही आला नाही. विचारून विसरणारी घरं असतात. गिरीशने मनावर घेतलं नाही. निघताना पाहिलं, तर स्वयंपाकघरात दिवाही नव्हता.

"काकू, जातो."

"जातो म्हणू नये, येतो म्हणावं. मीही येतेच."

चिन्मयने गिरीशचा हात घट्ट धरला. मग सोडला.

दुसऱ्या दिवशी वर्गात काकूंच्या आवाजात धडा सुरू झाला. मुलं हरखून ऐकत होती. गिरीशला भरून आलं. धडा संपल्यावर त्याने प्रोग्राम बंद केला.

"चहा राहिलाच तुझा, गिरीश," लॅपटॉपमधून काकू म्हणाल्या. "येते म्हटलं होतं ना? आले बघ."