जुन्या व्हॅनचे नवे ब्रेक

चौथ्यांदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाली, तरी मिस्त्रीचं समाधान होईना. व्हॅनच्या सीटवर बसून त्यानं पुन्हा पेडल दाबलं आणि मान हलवली.

"दगड दाबल्यासारखं वाटतंय. गाडी उतारावर थांबणार कशी?"

पुढच्या चाकापाशी मेहुणा उकिडवा बसला होता. तो मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं दोघं याच गॅरेजात एका डब्यात जेवत आले होते. पण गेले तीन दिवस दोघं तो वेगवेगळ्या वेळी उघडत होते.

व्हॅन पन्नास वर्षांची. आत पलंग, शेगडी, फुलाफुलांचे पडदे, सगळा संसार. मालकीणबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. शनिवारी त्या आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन घाट उतरणार होत्या. जुने ब्रेक उतारावर तापले की हात वर करायचे, म्हणून पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवले आणि पेडल हलकं व्हावं म्हणून बूस्टर. सामान मेहुण्यानं निवडलं, कामही त्यानंच केलं.

शेवटची चाचणी मात्र मिस्त्रीची. मीटर-बिटर त्याला चालत नसे. "माझ्या पायाला कळतं," तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. त्याच्या पायावर भरवसा ठेवून लांबलांबून लोक गाड्या आणत. त्यानं 'ने' म्हटल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जात नसे.

"बूस्टरच मेलाय," मिस्त्री म्हणाला.

"दाजी, सकाळी तपासला की. पेडल दाबून ठेवलं, इंजिन चालू केलं, पेडल बोटभर खाली गेलं. बूस्टर चालतोय."

"मग नळी."

"नळी बदलली. सिलिंडर उघडून बघितला. पॅडही नवे घातले. मी दाबतो तेव्हा चाक जागच्या जागी थांबतं हो."

"तू नव्वद किलोचा गडी. तू दाबलंस तर आगगाडीसुद्धा थांबेल."

मेहुणा हसला नाही. मिस्त्री खाली उतरायला गेला आणि त्याची चप्पल पायरीवरच राहिली. "सगळीकडे ऑइल सांडून ठेवलंय मेल्यानं," तो पुटपुटला. मेहुण्यानं आधाराला पुढे केलेला हात त्यानं बाजूला सारला.

पंधरा दिवसांत मिस्त्रीनं अडवून धरलेली ही तिसरी गाडी. तिन्हींचे ब्रेक मेहुण्यानं केलेले. हा विचार गेले दोन दिवस त्याचं डोकं पोखरत होता. माणूस चांगला, पण कामात लक्ष राहिलं नाही. आणि ब्रेकच्या कामात लक्ष नसलं की कुणाचा तरी जीव जातो. बायकोला काय वाटेल याचा त्यानं बराच विचार केला होता. शेवटी मन घट्ट करून तो बोलला.

"सोमवारपासून येऊ नकोस."

मेहुणा पुसत असलेला पाना हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही.

"ताईला काय सांगू?"

"खरं ते सांग. तुझा हात गेला."

तेवढ्यात सिस्टर फाटकातून आत आल्या. काडीसारखा देह, पांढरे केस. मिस्त्रीनं त्यांना स्पष्टच सांगितलं, गाडी तयार नाही, शनिवारचं विसरा.

"मी एकदा चालवून बघते."

"तसली जोखीम मी नाही घेणार, सिस्टर."

"गाडी माझी आहे. तुम्ही शेजारी बसा. हँडब्रेक आहे की."

नाइलाजानं तो बसला. गॅरेजमागच्या उतारावर व्हॅननं वेग घेतला. मिस्त्रीनं हँडब्रेक मुठीत घट्ट धरला.

सिस्टरनी पेडलवर पाय टेकवला. व्हॅन जागीच थांबली. मागच्या कपाटातले डबे खडखडले, मिस्त्रीचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं. त्यांनी पुन्हा वेग घेतला, पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदाही तेच.

"पेडल तर किती हलकं आहे," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीनं हँडब्रेकवरची मूठ सैल केली. मग त्याला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. नवे पॅड घासून नीट बसायला वेळ लागला असेल, दुसरं काय. पण हसता हसता त्याला मेहुण्याचा चेहरा आठवला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. कुठल्या तोंडानं बोललो मी त्याला? सव्वीस वर्षांच्या माणसाला एका वाक्यात बाहेर काढलं.

गॅरेजाशी व्हॅन थांबताच तो उतरला आणि तडक आत गेला. मेहुणा आपली हत्यारं पिशवीत भरत होता. मिस्त्रीनं पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"चुकलो मी. तुझं काम चोख आहे. ताईला काही सांगू नकोस."

मेहुण्यानं हातातला पाना परत जागेवर ठेवला. मिस्त्री सिस्टरना गाडी न्या म्हणून सांगायला बाहेर आला. त्या अजून सीटवरच बसल्या होत्या आणि तो व्हॅनपाशी पोचेपर्यंत त्याच्याकडेच बघत होत्या.

"घेऊन जा, सिस्टर. ब्रेक उत्तम आहेत. उगाच तीन दिवस घालवले आम्ही."

त्यांनी किल्ली फिरवली नाही.

"मिस्त्री," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "उजवा पाय कधीपासून असा ओढत चालताय?"