मागे जायची सोय

सिस्टम ॲडमिनची परीक्षा उद्यावर आली, तेव्हा कुठे त्याने लॅपटॉपवर सरावासाठी खोटा सर्व्हर उभा केला. मोडण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घ्यायचा आणि मोडला की तिथवर मागे जायचं, ही सरावाची रीतच.

सर्व्हर पहिल्याच फटक्यात आडवा झाला. त्याने स्नॅपशॉटवर मागे जायचं बटण दाबलं, आणि शेजारचा रिकामा कप पुन्हा वाफाळत्या चहाने भरला.

चहा फुकट म्हटल्यावर त्याने सर्व्हर आणखी दोनदा आडवा केला.

दर वेळी बायको दारातून तेच म्हणाली, "पास व्हा साहेब. नोकरी गेली तर तुमच्या विनोदांवर घर चालवावं लागेल!"

चौथ्यांदा मात्र ती जवळ आली आणि तिने मायेने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"घाबरू नकोस रे. नापास झालास, तर नेहमीसारखं आजच्या दिवशी परत आणेन तुला."

त्याच्या आठवणीत तरी तो ही परीक्षा पहिल्यांदाच देत होता.