दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते, जिभेला एकही नव्हता. “डोळे आहेत की बटणं?” हे ऐकल्याशिवाय गावात कुणालाही लायसन्स मिळालं नव्हतं. बायको शिकायला बसली तेव्हा तिच्या वाट्याला बटणं दुप्पट आली. आज ऐन चढावर तिच्या हातून गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्नचा गलका केला. तिचा हात सीटबेल्ट सोडायला गेला. ही आत्ता उतरली, तर पुन्हा जन्मात बसणार नाही, हे मास्तरांना कळलं. ओठांवर आलेली बटणं त्यांनी गिळली आणि आपल्या ब्रेकवरचे पाय उचलून सीटवर मांडी घातली. “अगं, माझ्यासकट संसाराचा गाडा ओढलास, ही तर नुसती गाडी! चल.” तिनं किल्ली फिरवली. गाडी वीतभर मागे घसरली, गुरगुरली आणि थेट माथ्यावर पोचली. “दिसतो हो रस्ता,” ती हसली, “बटणांनासुद्धा!”