दोन मार्कांनी हुकलेला

"आमच्या दिगंबरची डेप्युटी कलेक्टरची पोस्ट फक्त दोन मार्कांनी हुकली," पोह्यांचा घास गिळत वडलांनी मुलीकडच्यांना सांगितलं. सगळे हळहळले. दिगंबरनं सवयीनं मान खाली घातली. गेली पाच वर्षं तो या दोन मार्कांवरच जगत होता. त्यांच्या जोरावर भावकीत वट होती. हल्ली तर त्याला स्वतःलाही ते खरंच वाटायचं.

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं.

"तुमच्याआधी तिघं बघून गेले," वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकलत मुलगी म्हणाली. "तिघांचीही पोस्ट दोनच मार्कांनी गेलेली. तुमची खरी कितीनं गेली?"

दिगंबरनं मनातल्या मनात हिशोब केला. खरं सांगावं तर स्थळ जाणार, वर गावभर बोभाटा. पण ती अशी काही हसत होती, की त्याला खोटं रेटवेना.

"एकसष्ट," तो पुटपुटला. "तेही प्रीलिमलाच."

ती पोट धरून हसली आणि धाडधाड जिना उतरली. तो मागं धावला, पण उशीर झाला होता.

"बाबा, मला पसंत आहे," ती भर बैठकीत सांगत होती. "हा एकटाच नीट नापास झालाय!"