शहाणं बाळ

दुधाची वेळ टळून गेली तरी बाळ उठलं नाही, तेव्हा शर्वरीच्या मनात पाल चुकचुकली. तीन महिन्यांचं पोर, भूक लागली की अख्खी अरेरा कॉलनी डोक्यावर घेणारं. आणि आजीच्या खोलीत नेलं की एकदम संतमहात्मा. रविवारपासून हा चमत्कार चालू होता, आणि शर्वरीचा चमत्कारांवर विश्वास नव्हता.

लॅपटॉप मिटून ती उठली आणि सासूबाईंच्या बंद दाराला तिनं कान लावला. आतून खर्र खर्र आवाज येत होता. सहाणेवर काहीतरी उगाळलं जात होतं.

बाळगुटी तर सकाळीच देऊन झाली होती, तिच्या डोळ्यांदेखत. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, एकेक वेढा. जायफळ नको, हे तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याचा एखादा वेढा जास्त झाला की मूल गुंगतं, एवढं तिलाही कळत होतं. सासूबाई तेव्हा नुसत्या हसल्या होत्या. ते हसणं तिला आता आठवलं आणि अजिबात आवडलं नाही.

तिनं दार ढकललं. ते अडलं. जोर लावला तेव्हा खालच्या फटीत कोंबलेला ओला टॉवेल फरशीवर घासत मागे सरला. म्हणजे आतलं बाहेर कळू नये याचीही सोय केलेली.

खोली उबदार होती, पण कोंदट. कोपऱ्यात सिलिंडरवरचा हीटर लालबुंद जळत होता. थंडीत नेमकी लाइट जाते म्हणून तिच्या नवऱ्यानं, समीरनं, रविवारी आणलेला. पलंगावर दुपट्यात बाळ झोपलेलं, आणि खाली सहाण पुढ्यात घेऊन सासूबाई, मनोरमाबाई, बसलेल्या.

"काय उगाळताय आई?"

"हळू बोल, झोपलाय तो. माझ्यापाशी कसा शहाण्यासारखा झोपतो बघ."

"सीधी बात सांगा. जायफळ देताय ना त्याला? की अफू?"

शब्द तोंडातून गेला आणि परत घेता येईना. मनोरमाबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग सहाणेवरचं थोडं बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरलं.

"सुंठ आहे. माझ्यासाठी." त्यांच्या कपाळावर आधीचा लेप सुकून तडकला होता. "रविवारपासून डोकं उठलंय. या खोलीत बसलं की जास्तच. मळमळतंही. तुला बोलले नाही, म्हटलं म्हातारीचं रडगाणं कशाला. आणि हे घे तुझं जायफळ."

त्यांनी गुटीची डबी तिच्यापुढे सरकवली. जायफळ अख्खं होतं, कुठंच उगाळलेलं नव्हतं. त्याच्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती.

"सगळी खोलीच ओलावलीय," मनोरमाबाई म्हणाल्या. "कपाटातल्या साड्यांनाही वास मारतोय. वरच्यांचं बाथरूम गळत असणार, दुसरं काय."

"वर गच्ची आहे, आई."

दोघींनी एकदमच वर पाहिलं. छत कोरडं होतं. खिडकीच्या काचेवरून मात्र पाण्याचे ओघळ येत होते, आतल्या बाजूनं. हीटरच्या मागच्या भिंतीला घाम फुटला होता. शर्वरीला आत येऊन काही मिनिटंच झाली होती, आणि तिचं कपाळ ठणकू लागलं होतं.

रविवारपासून बाळ शहाणं. रविवारपासून सासूबाईंचं डोकं. रविवारी हीटर.

तिनं बाळाला उचललं. त्याची मान तिच्या हातावर लुळी पडली. ती खिडकीकडे झेपावली, तशी मनोरमाबाईंनी तिचा दंड धरला.

"खिडकी नको गं उघडू. मागच्या प्लॉटवर कचरा पेटवलाय कुणीतरी. गॅस येईल आत."

मनोरमाबाईंच्या लेखी बाहेरचा कुठलाही वास म्हणजे गॅस. चौऱ्याऐंशीची ती रात्र ओलं फडकं तोंडावर दाबून काढलेली बाई. वास आला की आधी फटी बुजवायच्या, मग कसला वास ते विचारायचं. भोपाळमध्ये याला कुणी वेड म्हणत नाही.

"आई," शर्वरी म्हणाली, "गॅस आतच आहे. बंद खोलीत हीटर जळतोय, त्याचा. तुम्हीपण चला बाहेर."

ती गॅलरीत धावली. बाहेर झोंबरी थंडी होती. बाळ हललं नाही. तिनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली. नाही. पुन्हा मारली, जरा जोरात. बाळानं तोंड वाकडं केलं, बारीकसं कुरकुरलं, आणि मग असा टाहो फोडला की समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. शर्वरी तिथंच खाली बसली. अफू हा शब्द अजून परत घ्यायचा राहिला होता.

"चप्पल घाला आई. दवाखान्यात जायचंय. तुम्हालाही दाखवायचंय."

मनोरमाबाई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. दाराखालचा ओला टॉवेल त्यांनी येताना उचलून आणला होता, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी रडणाऱ्या नातवाकडे पाहिलं. मग मागे वळून आपल्या खोलीकडे पाहिलं. तिथं हीटर तसाच जळत होता.

"थांब, तो बंद करून येते," त्या म्हणाल्या.

आणि तो टॉवेल नाकातोंडावर घट्ट दाबून त्या आपल्या खोलीत शिरल्या.